धोक्याचा रकाना

शिष्यवृत्तीच्या अर्जाची सहा पानं थोरलीने झरझर भरली आणि सातव्या पानावर गाडं अडलं. 'वन्यजीवांच्या अधिवासाला असलेला मानवी धोका' असा रकाना होता, आणि तिने अभ्यासाला निवडलेल्या गावच्या तळ्याला धोका औषधालाही नव्हता. कारखाना नाही, सांडपाणी नाही, शिकारी नाहीत. तिने आपलं सरळ लिहून टाकलं, 'धोका आढळला नाही.' सरांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं शहाणे, धडधाकट माणसाला सलाईन लावतं का कोणी?" सर म्हणाले. "धोकाच नाही, तर वाचवायचं काय? आणि वाचवायचं काही नाही, तर पैसे कशाचे देतील? बघ नीट. कोणी ना कोणी काही ना काही करतच असेल तिथे."

करत होतं ना! थोरलीची आई करत होती. वीस वर्षं ती त्याच तळ्यातला लव्हाळा कापून चटया विणत होती. नवरा धाकटी रांगत असतानाच परागंदा झाला, तेव्हापासून त्या चटयांवरच घर चाललं, आणि थोरली कॉलेजच्या वसतिगृहापर्यंत पोचली. जांभळ्या पाणकोंबड्या घरटी कुठे बांधतात, पिल्लं पाण्यात कधी उतरतात, हे तिला पुस्तकांनी नाही, आईने शिकवलं. आई कापायची म्हणून लव्हाळा माजत नव्हता, पाणी मोकळं राहत होतं, आणि पाणी मोकळं म्हणून पाखरं येत होती. थोरलीला हे पक्कं ठाऊक होतं. पण रकाना धोक्याचा होता. तिने लिहिलं, 'स्थानिक महिलांकडून लव्हाळ्याची बेसुमार तोड.' महिला तशी एकच. पण अनेकवचनाने वजन येतं.

शेवटच्या पानावर प्रतिज्ञापत्र होतं. या जागेवर अर्जदाराच्या घरच्यांचं पोट चालत नाही. चालत असल्यास अर्ज बाद. थोरलीने तिथेही सही ठोकली. लाज वाटली का? वाटली की! पण दोन वर्षांचं शिक्षण फुकट, मोठं विद्यापीठ, स्वतःची खोली, हे सगळं समोर दिसत असताना लाज किती वेळ टिकणार?

एकशे चाळीस अर्जांतून पाच निघाले, त्यात तिचा होता. आता शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाची माणसं प्रत्येकाची जागा बघणार आणि पाचांतून एकाला शिष्यवृत्ती देणार. पत्र वाचून थोरली आधी नाचली, मग मटकन खाली बसली. आली का पंचाईत! आई तळ्याच्या एका कडेला बेताबेताने कापायची. बेसुमार तोड दाखवायची कुठून?

ती घरी गेली. आई जमिनीवर बसून चटईची कड बांधत होती.

"आई, उद्या सकाळी लव्हाळा कापशील? पण मधल्या बेटावरचा. चांगला मोठा पट्टा."

आईने हात थांबवला. "बेटावर? अगं, अंडी आहेत तिथे. या दिवसांत मी तिकडे विळा नेते का कधी?"

"अभ्यासाला हवंय. एकदाच. नऊच्या आत आवर आणि घरी ये."

"पाखरं उठतील गं."

"आई, माझं नशीब आहे त्यात!"

झालं. नशिबाचं नाव काढलं की आया मुकाट होतात, हे लेकींना बरोबर कळतं. "बरं," आई म्हणाली. "तू शिकलेली. तुला कळतंय ते खरं."

मंडळाची माणसं अकराला यायची होती. पण मंडळाच्या प्रमुख बाईंना सकाळची पाखरं बघायची हौस. रात्रीच वसतिगृहावर परतलेल्या थोरलीला त्यांनी तिथून गाडीत घेतलं आणि आठ वाजताच तळं गाठलं. सरही होते, तळ्यावर नुकताच बदलून आलेला वनरक्षकही होता. थोरली मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होती. एकही धावला नाही.

बेटावरून आई येत होती. गुडघ्याएवढं पाणी, डोक्यावर भारा, कमरेला विळा. मागे लव्हाळ्याचा भलामोठा पट्टा सपाट झालेला आणि वर पाणकोंबड्या ओरडत घिरट्या घालत होत्या. लेकीने मागितलं त्याच्या दुप्पट कापलं होतं माउलीने. कमी पडायला नको म्हणून.

वनरक्षकाने तिला काठावर अडवलं. भारा खाली पाडला. त्यात एक घरटं निघालं, फुटलेल्या अंड्यांसकट.

"अंड्यांचीसुद्धा दया नाही यांना," बाई म्हणाल्या. हातातला अर्ज उघडून त्यांनी मोठ्याने वाचलं, "'स्थानिक महिलांकडून लव्हाळ्याची बेसुमार तोड.' शब्दन् शब्द खरा आहे. या मुलीने दोन महिन्यांपूर्वीच लिहून दिलं होतं."

आईला वाचता येत नव्हतं. ऐकू मात्र चांगलं येत होतं. तिने बाईंकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं. थोरलीला एक शब्द बोलायचा होता. 'आई' एवढाच. तो बोलला की अर्ज बाद.

"किती वर्षं कापतेस गं?" वनरक्षकाने दरडावलं.

"वीस," आई म्हणाली. "बरोबर लिहिलंय त्यांनी. मीच कापते."

वनरक्षकाने विळा घेतला. तळ्यात उतरायला कायमची बंदी, असं कागदावर लिहिलं. आईचा अंगठा उमटवला. मग म्हणाला, "एक साक्षीदार लागेल. नात्यातला चालणार नाही." त्याने थोरलीकडे बोट केलं. "ही तुझी कोणी लागते का?"

थोरलीने तोंड उघडलं. पण आई आधी बोलली.

"छे हो. शिकलेली माणसं ती. माझी कुठली?" आणि थोरलीकडे वळून म्हणाली, "करा सही, ताई. उशीर होतोय तुम्हाला."

थोरलीने सही केली. अक्षर चांगलं आलं. परतताना गाडीतच बाईंनी तिचा हात हातात घेतला. "बाकी चौघांकडे नुसतं लिहिलेलं होतं. तुझ्याकडे पुरावा निघाला. शिष्यवृत्ती तुलाच देणार मी." सरांनी पाठ थोपटली. थोरली रडली; सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

संध्याकाळी ती धावतपळत घरी गेली. वाटेत काय काय जुळवलं होतं तिने! पाया पडेन, दोन वर्षं थांब म्हणेन, मग तुला तळ्याचं तोंडही बघावं लागणार नाही म्हणेन. दारात आली, तर आई भिंतीशी रिकाम्या हातांनी बसली होती. वीस वर्षांत थोरलीने तिचे हात रिकामे पाहिले नव्हते.

आई उठली. कोपऱ्यातली चटई घेतली, झटकली, नीट अंथरली.

"या ताई," ती म्हणाली. "बसा."

"आई, असं काय गं? मी आहे."

"हो, ओळखलं ना. सकाळी आला होतात तुम्ही."

धाकटीला वाटलं, आई थट्टा करतेय. ती खो खो हसत सुटली. आई हसली नाही. "दात काय काढतेस?" ती धाकटीला म्हणाली. "पाहुण्यांना पाणी दे."