प्रयागबाईची साक्ष

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेला कागद अनितानं वाचून संपवला आणि ती सासूकडं वळली.

"काय लिवलंय गं?" प्रयागबाईंनी विचारलं. सून खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, ह्यात लिवलंय की आपल्या वस्तीवर इमानांचा आवाज मर्यादेत हाय. धूर बी मर्यादेत हाय. आन् मोजणी तुमच्या समक्ष झाली म्हणं. साक्षीदार म्हणून खाली तुमची सही हाय."

प्रयागबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सही त्यांचीच होती. चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची, तिरकी, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली.

त्यांची वस्ती बारामतीजवळच्या धावपट्टीच्या भिंतीला खेटून. दीड एकरात मेथी, कोथिंबीर, वांगी आणि दारात दोन म्हशी. विमान चालवायला शिकवणारी एक कंपनी तिथं आली आणि सकाळी सातपासून बारकी विमानं उडायला लागली. शिकाऊ पोरं एकच गिरकी घेत. उडायचं, वस्तीवरून वळायचं, खाली उतरायचं आणि चाकं टेकली न टेकली तोच पुन्हा उडायचं. दर चार-पाच मिनिटांनी एक. भिंतीच्या पलीकडंच दुरुस्तीची शेड होती. तिथं इंजिन जागेवरच तासतासभर गरगरवत ठेवत आणि त्याचा धूर वाऱ्याबरोबर थेट वस्तीत शिरे. मेथी उपटली की बोटं तेलकट काळी व्हायची. हौदातल्या पाण्याला म्हशी तोंड लावीनात.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मालकांना, हिंदुरावांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील, पण रोज सकाळी शांतपणे समोर बसून एकेक शब्द म्हणून घ्या. माणूस ताजातवाना असतो तोवरच.

मग प्रयागबाई रोज खाटेशी बसायच्या. "म्हणा, भाकर." हिंदुराव त्यांच्या ओठांकडं टक लावून बघायचे, छातीत दम भरायचे, "भा..." एवढं यायचं आणि डोक्यावरून विमान जायचं. ते दचकायचे. जुळवून आणलेलं सगळं निसटायचं. आवाज विरून पुन्हा सुरुवात करावी तोवर दुसरं यायचं. शेवटी ते डाव्या मुठीनं खाट बडवायचे आणि भिंतीकडं तोंड फिरवायचे.

म्हणून त्यांनी मालकांना इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीला बहिणीकडं नेलं. सारजाचं घर डाळिंबाच्या बागेत. तिथं नवव्या दिवशी हिंदुराव "पाणी" म्हणाले. दोन्ही बहिणी चुलीपाशी बसून रडल्या. पुढं "सारजा" म्हणाले, "चहा" म्हणाले, आणि पंधराव्या दिवशी त्यांनी "घरी" म्हणून धोशा लावला. घरी आणलं, आणि आठ दिवसांत "पाणी" सुद्धा गेलं.

तेव्हा प्रयागबाईंनी पंचायतीत पहिला अर्ज दिला. बोलायला शिकायचं तर स्वतःची जमीन सोडून पाहुण्याच्या दारात जायचं, हा कुठला न्याय?

अर्जाची चौकशी म्हणून एका गुरुवारी सरकारी ऑफिसातला अविराज नावाचा तरुण आवाज आणि धूर मोजायचं यंत्र घेऊन आला. त्यानं तिवई अंगणात रोवली. आभाळ मोकळं होतं. धावपट्टी रंगवायची म्हणून दोन दिवस उड्डाणं बंद होती.

"आज इमानं न्हाईत, बाबा. परवा ये," प्रयागबाई म्हणाल्या.

"ती मोजणी वेगळी होणार, मावशी. ही नुसती सुरुवात आहे."

उन्हातान्हाचा आलाय म्हणून त्यांनी त्याला म्हशीच्या दुधाचा चहा दिला. जाताना त्यानं एक कागद पुढं केला. "मी येऊन गेलो, एवढीच सही." त्यांनी केली.

आता तीच सही फळ्यावर होती. त्या तरातरा आत गेल्या. सरपंच दिग्विजय मोबाईल बघत बसला होता.

"सरपंच, हा कागद खोटा हाय."

"काकू, सही तर तुमचीच हाय की. आधी सही करायची आन् मग बोंब मारायची, असं चालतंय व्हय? आपल्या चार पोरांना तितं कामं लागल्यात. कशाला इस्कोट करता?"

"कामं लागली तर लागू द्यात. इमानं बंद करा म्हणलं का मी? खरं मोजा म्हणत्ये."

"आक्षेपाची मुदत संपली, काकू. आता काय व्हत न्हाय."

परतताना पारावर कुणीतरी कुजबुजलं, "चहावर सही दिली बाईनं." ते त्यांच्या कानात शिसं ओतल्यासारखं गेलं. सगळी वस्ती विकल्याचा डाग, आणि तोही कपभर चहात! त्या तशाच माघारी फळ्यापाशी गेल्या आणि अनिताला म्हणाल्या, "ह्या फळ्याचा फोटू काढ."

"कागदाचा?"

"अख्ख्या फळ्याचा."

कारण त्याच फळ्यावर, कोपऱ्यात, कंपनीची जुनी सूचना अजून लटकत होती. धावपट्टी रंगकामासाठी दोन दिवस बंद. तारखा छापलेल्या, आणि मोजणीची तारीख त्यातलीच एक.

सोमवारी सासूसुना बारामतीला प्रांत मॅडमच्या ऑफिसात गेल्या; फळ्यावरच्या कागदावर शिक्का तिथलाच होता. मॅडमचं नाव राजलक्ष्मी; नवीनच बदलून आलेल्या. कारकून दारातूनच परतवू लागला. "आक्षेप घ्यायची मुदत गेली, बाई."

"आक्षेप घ्याया न्हाय आले," प्रयागबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की आतलं बोलणं थांबलं. "साक्ष द्याया आल्ये."

मॅडमनी आत बोलावलं. प्रयागबाई खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मॅडम, तुमच्या कागदावर मी साक्षीदार हाय ना?"

"हो, नाव दिसतंय तुमचं."

"मग साक्षीदाराला कुणी इचारलं का, तू काय बघितलंस? माझं नाव घेतलं, सही घेतली, आन् साक्ष तेवढी त्यांची त्यांनीच लिवली! आता माझी घ्या. लिवा. त्या दिशी एक बी इमान उडालं न्हाय. मी म्हणलं परवा ये, तर न्हाय म्हणला. आमचं मालक सा महिने झालं बोलाया धडपडत्यात, आन् तुमचा कागद म्हणतोय आवाजच न्हाय. मग माझ्या दारावरनं काय कावळं उडत्यात?"

अनितानं फोटो पुढं केला. मॅडमनी तो मोठा करून दोन्ही तारखा पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. "बुधवारी सकाळी साडेसातला मी स्वतः येते," त्या म्हणाल्या. "आधी कुणाला सांगायचं नाही."

आणि त्या खरंच आल्या. बरोबर अविराज, त्याचं यंत्र आणि तिवई. हिंदुराव अंगणात खाटेवर बसले होते. मॅडम त्यांच्यापाशी वाकल्या. "बाबा, नाव काय तुमचं?"

हिंदुरावांनी तोंड उघडलं आणि विमान आलं. ते गेल्यावर मॅडमनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मॅडमचा प्रश्नच कुणाला ऐकू गेला नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडं इंजिन सुरू झालं. निळसर धूर अंगणात आला, मॅडमनी नाकाला पदर लावला. अविराज यंत्रावरचे आकडे ओरडून सांगत होता. शांत वेळेच्या आणि इंजिनाच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. लिहिताना त्याची मान खाली होती.

"त्या दिशी तुला कुणी धाडलं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"वरून तारीख आली होती, मावशी."

"वरून म्हंजी कुठनं? माझ्या वर तर इमानं असत्यात."

तो तिवई आवरायला लागला. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

महिन्याभरानं आदेश निघाला. जुना अहवाल रद्द झाला. इंजिनाची तपासणी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, माळाच्या बाजूला न्यायची. सकाळी दहाच्या आत वस्तीवरून गिरकी घ्यायची नाही. दहानंतर मात्र विमानं पहिल्यासारखीच. सरपंच पेढे घेऊन आला, "आपल्या पाठपुराव्याला यश आलं, काकू." प्रयागबाईंनी पुड्याला हात लावला नाही. "ज्यांनी पाठपुरावा केला त्यांस्नी वाटा," म्हणाल्या, आणि म्हशीला वैरण टाकायला उठून गेल्या.

हिंदुरावांचे शब्द हळूहळू परत येऊ लागले. दहाच्या आत येतील तेवढे.

सगळे म्हणत, मिटलं. प्रयागबाईंच्या मनातलं मिटलं नव्हतं. उड्डाणं बंद असलेला नेमका दिवस हुडकून कुणीतरी ती तारीख ठरवली होती. एका बाईचा चहा पिऊन तिच्याच नावानं खोटं छापलं होतं. तारीख ठरवणाऱ्याचं नाव आदेशात कुठंच नव्हतं. त्यांनी अनिताकडून नवा अर्ज लिहून घेतला. त्यात एकच ओळ होती: मोजणीची तारीख कुणी ठरवली, त्याचं नाव कळवावं.

प्रांत ऑफिसातल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, काम झालं ना तुमचं? आता हे कशाला?"

"अर्ज घेतल्याचा शिक्का मारा," प्रयागबाई म्हणाल्या. "आन् तारीख आजची टाका. खरी."