पाळण्यातली जागा

चार

ओळीच्या शेवटी आन्सेल्मने आपली चकती ठेवली आणि भिंतीवरची तसबीर सरळ करावी तशी दोन बोटांनी सरळ केली.

"शेपूट आपलं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी जमलं, मग या वर्षीही मीच. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. वेन्डेलची होती, पण ती शेपटाबद्दल नव्हती.

फेब्रुवारीतला बुधवार. बाहेर गुडघाभर बर्फ. चौघांच्या मोटारसायकली आपापल्या गॅरेजात जुन्या चादरी पांघरून झोपलेल्या, आणि हिर्शेन खानावळीत, शेगडीजवळच्या टेबलावर, उन्हाळ्यातली आल्प्सची सहल ठरत होती. पद्धत जुनी. आधी क्रम, मग रस्ता, मग जेवण. बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकत्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव. मालकीणबाई त्या वर्षभर काट्या-चमच्यांच्या खणात सांभाळून ठेवायची. टेबलावर चकत्या ज्या ओळीने लागतील त्याच ओळीने माणसं घाटात जाणार. ओळ लागली की ग्लास उचलायचे; ग्लास उचलल्यावर बदल नाही.

पहिला तो वाट दाखवणारा. शेवटचा तो सगळ्यांत पक्का, कारण पुढे कुणी पडलं तर उचलायला तोच येणार. आणि दुसरा, म्हणजे पहिल्याच्या अगदी पाठीमागचा, तो सगळ्यांत कच्चा. पुढच्याला तो सतत आरशात दिसावा, आणि त्याला झेपेल तेवढाच सगळ्यांनी वेग ठेवावा, म्हणून. या जागेला ते पाळणा म्हणत. पाळण्यात आजवर फक्त गुस्टल झोपला होता.

पहिली जागा वेन्डेलची. म्हणजे गेल्या उन्हाळ्यापर्यंत. तेव्हा त्याच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला आणि हे तिघे त्याच्याविना गेले. पुढे कोण होतं? ट्राउडल! इतकी वर्षं शेपटाला राहिलेली, वेन्डेलला आरशात सगळ्यांत लहान दिसणारी ट्राउडल.

बरं, गेले ते गेले. वाट चुकून, भिजून, एकमेकांशी भांडून परत यायला काय हरकत होती? पण नाही. हसत गेले आणि दुप्पट हसत आले. "तुझ्याशिवाय मजा नाही आली रे," असं म्हणाले खरे, पण पोस्टकार्डाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहितात तसं.

मालकीणबाईने आन्सेल्मसमोर कलेजीच्या गोळ्यांचं सूप आणून ठेवलं. वाटीतून भसकन वाफ आली.

"धुकं!" आन्सेल्म ओरडला.

"धुकं आलं रे, धुकं!" गुस्टलने टेबलावर डोकंच ठेवलं. ट्राउडलने डोळे पुसले. मालकीणबाईसुद्धा हसली. म्हणजे हिलाही माहीत होतं तर.

वेन्डेलही हसला. कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. पण विचारणं म्हणजे मी तिथे नव्हतो हे आपल्याच तोंडाने बोलून दाखवणं. ते त्याला मेलं तरी करायचं नव्हतं.

तीन

"मी आता मोठा झालो," गुस्टल म्हणाला आणि त्याने आपली चकती आन्सेल्मच्या पुढे आपटली.

गुस्टल शाळेची बस चालवायचा. चार चाकांवर पन्नास कार्ट्यांचा गोंधळ घेऊन बर्फातून आरामात जाणारा हा गडी दोन चाकांवर बसला की वळणाला घाबरून दात आवळायचा.

"पाळणा सोडतोस?" वेन्डेल म्हणाला. "पडशील बाबा."

"गेल्या वर्षी एकदाही पडलो नाही. ट्राउडलने शिकवलं ना मला. वळणात चाकाकडे बघायचं नाही, वळण जिथे संपतं तिथे बघायचं."

"मी इतकी वर्षं काय वेगळं सांगत होतो?"

"सांगत नव्हतास," आन्सेल्म सूप फुंकत म्हणाला. "ओरडत होतास."

सगळे पुन्हा हसले. तोंड झाकलं जावं म्हणून वेन्डेलने बिअरचा मोठा घोट घेतला. मग त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. शेवटी आन्सेल्म. त्याच्या पुढे गुस्टल. उरल्या दोन जागा, उरली दोन माणसं. एक मी. एक ती. एक पुढे जाणार आणि एक पाळण्यात.



"तुझा पाय कसा आहे?" ट्राउडलने विचारलं. अगदी सहज.

"ठणठणीत."

गॅरेज (आदल्या रविवारी, सकाळी)

आधी वेन्डेलने नुसताच मोटारसायकलवर बसायचा प्रयत्न केला. डावा पाय जमिनीवर, उजवा वर. उजवा सीटच्या उंचीला आला आणि तिथेच कुणीतरी आतून खिळा ठोकल्यासारखा थांबला.

मग स्वयंपाकघरातलं पायरीचं स्टूल आणलं. त्यावर चढून पाय टाकला. बूट सीटला अडकला, मोटारसायकल स्टँडवरून निसटून पलीकडे भिंतीवर कलंडली, आणि हँडल प्लास्टरमध्ये घुसलं. वेन्डेल स्टुलावर, एक पाय सीटवर, दोन्ही हातांनी ते धूड धरून. सोडता येईना, ओढता येईना.

त्याची बायको रोझी आली. एरवी फार बोलकी. भिंत आणि मोटारसायकल यांच्या फटीत शिरली, पाठ लावली आणि रेटलं.

"कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"नाही."

तिने त्याचा बूट हातात धरून, बाळाचा पाय उचलावा तसा, सीटवरून खाली उतरवला.

दुसऱ्या दिवशी तो काम संपवून घरी आला तर स्वयंपाकघरात ट्राउडल. काळ्या पोशाखात, नाकावर काजळी, समोर कॉफी आणि प्लमचा केक. गावातली धुराडी साफ करायचं काम तिचं, वर्षातून दोनदा ती प्रत्येक घरात शिरायची, त्यात नवल नव्हतं. पण रोझी आणि ती, दोघी हसत होत्या. आणि तो दारात दिसताच हसू थांबलं.

तो केक त्याने नंतर खाल्ला नाही. म्हटलं, शिळा लागतो.

एक

क्रम पुरा लागायच्या आधीच ट्राउडलने टेबलावर नकाशा पसरला. कागदाचा, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. गेल्या वर्षीपर्यंत हा नकाशा पसरायचं काम वेन्डेल करायचा, आणि पसरण्याआधी टेबल पुसून घ्यायचा. हिने पुसलं नाही. इटलीवर बिअरचं वर्तुळ उमटलं.

"शुक्रवारी सकाळी निघायचं," तिचं बोट निघालं. "हानटेनच्या घाटातून खाली, मग रेशेनचा तलाव. तिथे, पाण्यातून वर आलेल्या घंटाघरासमोर, गुस्टल नेहमीसारखे फोटो काढणार..."

"काढणारच."

"...आणि मुक्काम प्राडला. दोन रात्री."

"दोन?" वेन्डेल म्हणाला. "प्राडला दोन रात्री काय करायचंय? अंडी उबवायची?"

"तिथले पावाचे गोळे चांगले असतात."

"गोळ्यांसाठी आपण कधी थांबलो नाही."

"म्हणून तर थांबू," आन्सेल्म म्हणाला.

"आणि शनिवारी स्टिल्फ्सचा घाट," ट्राउडलने बोट वर चढवलं. "ऑगस्टचा शेवटचा शनिवार. मी खोल्या सांगून ठेवल्यात."

वेन्डेलचा हात ग्लासावर थांबला.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. त्याने आपल्या गॅरेजातल्या भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावलं होतं. घाट कधी उघडतात, कुठे काम चालू आहे, सगळं तो त्यावर टिपून ठेवायचा; गेल्या वर्षी पलंगावर पडल्या पडल्यासुद्धा टिपलं होतं. या वर्षी त्या शनिवारी स्टिल्फ्सचा घाट सायकलवाल्यांचा होता. वर्षातून एक दिवस असतो तसा. खाली आडवा दांडा, संध्याकाळपर्यंत मोटार नाही, मोटारसायकल नाही. फक्त हजारो सायकली, केळी खात, घाम गाळत, वर.

छान वाटत होतं. असं वाटलं, हे मनातच ठेवून द्यावं ऑगस्टपर्यंत. तिच्या अगदी मागे असेन मी. ती दांड्यापाशी ब्रेक लावेल, हेल्मेटची काच वर करेल, तो झेंडेवाला हाताने नाही-नाही करेल, आणि ती मागे वळून बघेल. मग मी काहीच बोलणार नाही. नुसता उभा राहीन. किती गोड दिसेल ते.

पण मग आज पाळण्यात जावं लागेल. ग्लास उचलले की संपलं. पहिली जागा हवी तर आत्ताच, या टेबलावर, सगळ्यांच्या देखत.

"ट्राउडल," तो म्हणाला. आवाज फार मऊ निघाला, स्वतःलाच नवल वाटलं. "त्या दिवशी घाट बंद असतो ना पण. सायकलवाल्यांचा दिवस. पुढे चालायचं तर हे बघावं लागतं गं."

आता आन्सेल्म शिटी वाजवेल. गुस्टल 'अरे देवा' म्हणेल.

गुस्टल आपल्या काट्याचे दात मोजत होता. आन्सेल्म सूप फुंकत होता, आणि सूप केव्हाच गार झालं होतं.

"माहीत आहे," ट्राउडल म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"बंद आहे ते. बंद आहे म्हणून तर तो दिवस घेतला."

शेगडीत लाकूड फुटलं. मालकीणबाई ग्लास पुसता पुसता मागच्या खोलीत निघून गेली.

"त्या घाटात दर वळणाला पाय टेकायची वेळ येते," ट्राउडल सांगत होती, त्याच्याकडे न बघता, नकाशाकडे बघून. "तुझा पाय अजून तेवढा नाही. म्हटलं, घाट बंद असला की प्रश्नच मिटला. तुझ्यासाठी टाळला असं कुणाला म्हणावं लागायला नको. खाली सफरचंदाच्या बागा आहेत. पडून राहू."

"रोझीने सांगितलं."

"रोझीने केक दिला. मी दोनदा विचारलं, ती दोन्ही वेळा केकच देत राहिली." ट्राउडलने आता वर बघितलं. "वेन्डेल, मी तुमच्या गॅरेजातूनच धुराड्याकडे जाते. भिंतीत हँडलचं भोक आहे. आणि मोटारसायकलशेजारी स्वयंपाकघरातलं स्टूल. मी काय आंधळी आहे?"

"आणि तू या दोघांना सांगितलंस."

"सांगितलं."

"वा," वेन्डेल म्हणाला. "वा! म्हणजे सगळं ठरलंय. म्हाताऱ्याला कसं सांभाळायचं, कुठे झोपवायचं. मला काय बघायला बोलावलंत?"

"म्हातारा कोण रे, मी तुझ्याहून मोठा आहे," आन्सेल्म पुटपुटला.

"तू सूप पी!"

ट्राउडलने हात पुढे केला. तिची स्वतःची चकती तिच्याजवळच होती, अजून टेबलावर ठेवलेली नव्हती. वेन्डेलची चकती खणातून आणलेल्या त्या जुन्या रबरात तशीच होती. कडा काळ्या, नावावर कधीतरी सांडलेल्या कॉफीचा डाग. तिने रबर काढलं आणि चकती त्याच्या हातात दिली.

"ठेव," ती म्हणाली. "पहिली ठेव. खरंच. मी प्राडला फोन करून मुक्काम वाढवते, रविवारी घाट चढू, उघडा असेल. मी शेपटाला जाते. आन्सेल्म, सरक."

"माझं शेपूट!" आन्सेल्मने चकतीवर पंजा ठेवला. "एवढ्यात नको ना!"

"आणि मी?" गुस्टल घाबरून म्हणाला. "मी परत पाळण्यात?"

"तू आणि आन्सेल्म बघा काय ते. वेन्डेल, ठेव."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो शोधत होता, सापडला असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता आणि कीवही नव्हती. ती खरोखर जागा देत होती, आणि खरोखर शेपटाला गेली असती, आणि तिथूनही चांगलीच चालवली असती. हेच त्याला सगळ्यांत जास्त झोंबलं. तिला पुढे असण्याची गरज नव्हती. गरज त्याला होती.

चकती हातात हलकी होती. पुठ्ठाच तो. त्याला पुढचा आरसा दिसला, त्यात तीन दिवे, एकामागे एक, त्याच्यावर विसंबलेले. मग वळण, उजवीकडचं, चढाचं. पाय टेकवायचा. आणि आत तो खिळा.

पुढचा पडला तर मागचे सगळे पडतात. हे तोच त्यांना ओरडून ओरडून सांगायचा.

दोन

त्याने चकती ठेवली. पहिली जागा रिकामी सोडून. ट्राउडलने आपली चकती त्या जागेत ठेवली. ती किंचित त्याच्या चकतीवर चढली. त्याने ती नखाने पुढे ढकलली.

"या वर्षापुरतं," तो म्हणाला.

"या वर्षापुरतं," ट्राउडल म्हणाली.

"आणि शनिवारी मी बागेत झोपणार नाही. दांड्यापाशी उभा राहून त्या सायकलवाल्यांना शिव्या घालणार."

"मीही येते."

"गादी ऊबदार ठेवलीय बघ," गुस्टल म्हणाला. "रडू आलं तर हॉर्न वाजव. मी मागेच आहे."

"तू वळण जिथे संपतं तिथे बघ."

ग्लास उचलले, आपटले. बदल नाही. मालकीणबाई बरोबर त्याच क्षणी मागच्या खोलीतून आली आणि चीज घातलेल्या श्पेट्झलेची, त्या जाड शेवयांची, कढई मधोमध ठेवली. कांदा तळल्याचा वास, आणि पुन्हा भसकन वाफ. तिघांची तोंडं एकदम उघडली आणि तिघांनीही ती एकदम मिटली. वेन्डेलकडे बघून.

हे मात्र फारच झालं.

"बोला," तो म्हणाला. "बोला ना. काय आहे ते धुकं?"

मग तिघे एकदम सांगायला लागले. पाऊस होता, नदीच झाली होती रस्त्याची, घाटावरच्या झोपडीत सगळे ठिबकत बसलेले, गुस्टलची बोटं इतकी गारठलेली की हेल्मेटचा पट्टा निघेना, सूप आलं, तो तसाच वाकला हेल्मेटसकट, काचेवर वाफ धरली, चमचा काचेवर टक्कन आपटला, आणि हा आतून म्हणतो, "धुकं आलं रे, थांबा, गाडी बाजूला घ्या!"

आन्सेल्मने सांगताना टेबलावर चमचा आपटून दाखवला. गुस्टलने स्वतःच स्वतःची नक्कल केली. ट्राउडल पुन्हा डोळे पुसत होती.

वेन्डेल हसला. हसण्यासारखं होतंच. पण टेबलावर डोकं ठेवून हसण्यासारखं नव्हतं. त्यासाठी त्या झोपडीत, ओल्या मोज्यांनी, त्यांच्या शेजारी बसलेलं असायला हवं होतं.