पडद्यावरची वेल आणि माझी उघडी खिडकी

मित्रांनो, मी तळहाताएवढी, चौकोनी, काळी फ्लॉपी. वयाने जुनी आहे, पण बिचारी वगैरे मुळीच नाही! तुमच्या मोबाइलमधला एक धड फोटो माझ्या पोटात मावणार नाही, हे मला ठाऊक आहे. हसून घ्या.

जन्मले कारखान्यात, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते भरतकामाच्या एका कार्यशाळेत. तिथल्या आजोबांनी नाटकगृहाच्या पडद्यासाठी एक वेल रचली. पान कुठे वळेल, कुठला टाका आधी, कुठला नंतर, सगळं तीन महिने खपून ठरवलं आणि माझ्यात साठवलं. मग माझ्या कोपऱ्यातली इवलीशी खिडकी नखाने सरकवून उघडली. ती उघडी असली की माझ्यातलं काही पुसता येत नाही. मला आत घातलं की भरतकामाचं यंत्र सुई नाचवायचं आणि कापडावर वेल चढायची. काय रुबाब होता माझा!

पुढे आजोबांचे हात थरथरू लागले. कार्यशाळा सूनबाई बघू लागल्या, नात नवी नक्षी करू लागली. यंत्राला फ्लॉपीच लागायची आणि नव्या फ्लॉप्या कुठेच मिळेनात. म्हणून एका दुपारी नातीने सगळ्या जुन्या पुसायला घेतल्या. माझ्या अठरा बहिणी माझ्यादेखत कोऱ्या झाल्या. माझी पाळी आली, तेव्हा मी साफ नकार दिला.

"काय हट्टी आहे ही!" म्हणत तिने मला बटणांच्या डब्यात भिरकावलं. तिथे मी सात वर्षं पडून होते. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

मग एके सकाळी नाटकगृहाचे व्यवस्थापक धापा टाकत आले. उंदरांनी पडद्याची किनार हातभर कुरतडली होती.

"शनिवारी प्रयोग आहे. वेल हुबेहूब जुळली तर ठीक, नाहीतर हा पडदाच काढून टाकावा लागेल."

आजोबांचा चेहरा उतरला. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ते! नक्षीचा मूळ कागद कधीच हरवला होता. फोटोत वेल दिसत होती, टाक्यांचा क्रम नाही.

नात रडवेली झाली. "आजोबा, मी सगळ्या पुसल्या हो..."

"अगं, एकीची खिडकी मी उघडून ठेवली होती. ती कशी पुसशील?"

डबा उपडा झाला. मी यंत्रात गेले, नुसती खरखर झाली आणि यंत्राने मला ओळखच दाखवली नाही! माझ्या तोंडचं पाणी पळालं. सूनबाईंनी माझ्या खाचेतली धूळ हलक्या हाताने पुसली.

"घाल पुन्हा."

या वेळी सुई हलली. पहिलं पान कापडावर उमटलं आणि आजोबांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

शनिवारी प्रयोगाआधी जोड नेमका कुठे आहे, ते खुद्द व्यवस्थापकांना सापडेना. आजोबा पहिल्या रांगेत ताठ बसले होते, आणि मी त्यांच्या खिशात.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यात काय आहे ते ज्याने भरलं त्याला विचारा, तो समोर असतानाच विचारा. नातीने आता वेलीच्या तीन प्रती केल्या आहेत. मला मात्र तिने काचेच्या पेटीत बसवलं आणि वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: "हिला पुसायचं नाही. पुसता येतही नाही."