चिमाजीआबांची पेल्यातली परीक्षा

निफाडच्या पट्ट्यात चिमाजीआबांनी मान डोलावल्याशिवाय द्राक्षबागेतली दोन औषधं एकमेकांना शिवत नसत. फवारणीआधी आबांच्या ओट्यावर यायचं. आबा दोन्ही औषधं काचेच्या बाटलीत घालणार, हलवणार आणि अर्धा तास टक लावून बसणार. तळाला साका बसला, दह्यासारखं फाटलं, की निकाल: "जमायचं नाय. बाग जळंल." एका कंपनीच्या साहेबाचं औषध म्हणे आबांच्या नुसत्या नजरेनंच उकळलं. खोटं कशाला बोला, तो साहेब तेव्हापासून द्राक्षं सोडून देवळ्याला कांद्यात काम करतो.

तर या आबांना दोन वर्षांपूर्वी नाशिकला स्टेंट बसला आणि कोलेस्टेरॉलची एक दांडगी गोळी रोजची मागे लागली. यंदा खोकला झाला. गावातल्या डॉक्टरनं विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"छे! बैल दमंल, मी नाय," आबा म्हणाले. डॉक्टरनं क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिली.

मेडिकलवाल्या मनालीला मात्र सगळं ठाऊक होतं. महिन्याच्या महिन्याला ती दांडगी गोळी तिच्याच दुकानातून जायची.

"आबा, थांबा. ही अँटिबायोटिक आणि तुमची कोलेस्टेरॉलची, या दोन्ही एकत्र घ्यायच्या नसतात. डॉक्टरांना फोन लावते, बदलून देतील."

झालं! कशात काय मिसळायचं, हे कालची पोर चिमाजीआबांना शिकवणार!

"पोरी, तू पाळण्यात होतीस तवापासून औषधं मिसळतोय मी." पाकीट उचलून आबा चालते झाले.

घरी येऊन त्यांनी दोन्ही गोळ्या खलात कुटल्या, काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ढवळल्या आणि समोर मांडी घातली. अर्धा तास गेला. ना साका, ना फेस.

"बघ नवसे, कशा सख्ख्या बहिणींसारख्या नांदत्यात!"

"ढवळलं तुम्ही, प्यायचंही तुम्हीच," आबांच्या बायको नवसाबाई म्हणाल्या. आबा दोन्ही गोळ्या रोज घेऊ लागले.

पाचव्या दिवशी मांड्या उखळात कांडल्यासारख्या झाल्या. बाजेवरून उठवायला मुलगा अमोल आणि शेजारचा लहानू, असे दोघं लागले. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा मात्र अमोलनं गाडी काढली आणि थेट नाशिक गाठलं.

डॉक्टर शुभांगी मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "आजोबा, तुमचे स्नायू विरघळून रक्तात उतरलेत. मूत्रपिंडं तुंबायला लागलीत. काय काय घेतलंत ते आत्ता खरं सांगा, नाहीतर ती जातील."

आबा छताकडे बघत राहिले. दाराशी गावातली चार माणसं भेटायला उभी होती, सगळी द्राक्षवाली. एका पारड्यात दोन मूत्रपिंडं, दुसऱ्यात एक नाक. आणि नाकाचं पारडं चांगलंच खाली गेलं होतं.

"वातावरण बदललंय," आबा पुटपुटले.

नवसाबाईंनी पिशवीतून दोन्ही पाकिटं काढून मॅडमच्या हातात ठेवली आणि दाराशी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या घेतल्या. पेल्यात घालून पास केल्या होत्या त्यांनी."

दोन्ही गोळ्या बंद झाल्या. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढल्या. चौथ्या दिवशी लघवीचा रंग माणसात आला. मूत्रपिंडं वाचली. आबांच्या डोक्यातला किडा मात्र जागचा हलला नव्हता.

"मॅडम, पण पेल्यात तर कायबी झालं नव्हतं."

"पेल्यात होतच नाही आजोबा. कोलेस्टेरॉलच्या गोळीला यकृत, म्हणजे आपलं काळीज, मोडून काढतं. तुमच्या अँटिबायोटिकनं यकृताचं तेच काम अडवलं. मग गोळी रक्तात साचत गेली आणि स्नायूंवर उठली."

आबांचा चेहरा उजळला.

"म्हंजे परीक्षा बरोबरच होती! फक्त पेल्यात काळीज घालायचं राहिलं. अमोल, खाटकाकडून बोकडाचं थोडं..."

"बोकडाचं नको," नवसाबाई म्हणाल्या. "बोकड पाला खायच्या आधी हुंगून तरी बघतो. त्याच्या काळजावरून तुमचा अंदाज कसा यायचा?"