अल्व्हारेंगांच्या घरचा कार्प

आमच्या लिव्होर्नोत समुद्र अगदी दाराशी. त्यामुळे गोड्या पाण्यातला मासा मागणारं माणूस एकतर आजारी असतं, नाहीतर उत्तरेकडून आलेलं असतं. त्या गुरुवारी मी भर बाजारात उभी राहून आर्जिया कोळणीकडे मोठ्याने कार्प मागितला, तेव्हा मी आजारीही नव्हते आणि उत्तरेकडचीही नव्हते. मी चिडलेली होते.

चिडायला कारण माझे थोरले दीर, मोइझे अल्व्हारेंगा, आमच्या पेढीचे मालक. माझा नवरा गेल्यापासून मी त्यांचं घर सांभाळते, आणि त्यांची आईवेगळी मुलगी रिका माझ्याच हाताखाली वाढली. भाऊजी माणूस वाईट नाहीत. फक्त जगातल्या प्रत्येक गोष्टीला भाव असतो आणि तो आपल्याला आधी कळतो, अशी त्यांची ठाम समजूत आहे. याच तोऱ्यात त्यांनी लिव्होर्नो ते पिसा आगगाडीचे शेअर खपवून देण्याची हमी घेतली होती. मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. तोवर जे खपणार नाहीत ते पेढीने स्वतः घ्यायचे. बुधवार उजाडला तरी निम्मे शेअर तसेच पडून होते, आणि ते घेण्याइतकी पेढीची ताकद नव्हती.

लोक आगगाडीला घाबरत होते असं नाही. पण आमच्याकडच्या पेढीवाल्यांची रीत अशी की शेजारच्या पेढीने काय केलं हे कळल्याशिवाय कुणी नाकसुद्धा शिंकरत नाही. शेजारी तोंडाने काही सांगणार नाही हेही सगळ्यांना ठाऊक, म्हणून प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर. कुणाकडे मेणबत्त्या जास्त गेल्या, कुणाच्या गाद्या उन्हात पडल्या, कुणी नोकराचा पगार उशिरा दिला, यावरून आमच्याकडे भाव चढतात आणि उतरतात. समोरच्या घरी एकदा डॉक्टर आला, तोही मोलकरणीच्या दाढेसाठी, पण दुपारपर्यंत त्या घराच्या हुंड्या कुणी हातात घेईना.

बुधवारी संध्याकाळी जेवताना भाऊजींनी घसा खाकरला.

"इसाक पार्दो तयार आहेत. उरलेले सगळे शेअर घेतो म्हणतात."

"मग घेऊ दे की," मी म्हटलं. "तोंड का एवढं पडलंय?"

"त्यांची एक अट आहे."

एवढं बोलून त्यांनी रिकाकडे न बघता मिठाचं भांडं उगाच पुढे सरकवलं. मला कळलं. रिकालाही कळलं. पार्दो भाऊजींहून दोनच वर्षांनी लहान. दोन बायका पोचवल्या होत्या आणि तोंडातले दात पॅरिसहून मागवलेले.

"मी?" रिका म्हणाली.

"अगं, मोठ्या घरांत असंच असतं बाळ. तुझी आई आली ती ट्युनिसच्या गव्हाच्या सौद्यात. काही वाईट झालं का आमचं?"

"आईला विचारायचं राहूनच गेलं," रिका म्हणाली आणि भरल्या ताटावरून उठून गेली.

"भाऊजी, मुलगी आहे ती! तेलाचं पिंप नव्हे, धक्क्यावरून ढकलून द्यायला."

"पेढी बुडाली तर ती मुलगी आणि तू, दोघी खाणार काय? बोना, तू आपलं स्वयंपाकघर बघ."

बरं म्हटलं. स्वयंपाकघरच बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात पार्दोंची स्वयंपाकीण कांद्याच्या ढिगापाशी दिसेपर्यंत मी थांबले. मग आर्जियासमोर गेले.

"कार्प आहे का गं?"

"कार्प?" आर्जियाने हातातला सुरा खाली ठेवला. "बोनाबाई, ताप-बीप आलाय का? हे लाल मासे बघा, अजून शेपट्या आपटताहेत. कार्प चिखल खातो मेला!"

"खाईना. काही लोकांना तोच आवडतो."

"कुठल्या लोकांना?"

"असतात," मी म्हटलं. "दूरची माणसं असतात. दोन पाहिजेत, मोठे."

"उद्या सकाळी पिसाच्या दलदलीतून मागवून देते. पण उद्या रात्री शब्बाथच्या जेवणाला कार्प? तुमच्या घरी?"

"आर्जिया, हळू बोल गं बाई," मी तिच्याहून मोठ्याने म्हटलं.

पार्दोंची स्वयंपाकीण तोवर एकच कांदा चार वेळा उलटापालटा करून बघत होती. मी वळले तशी ती कांदे न घेताच गेली. वाटेत मी वाण्याकडून खसखस घेतली, चांगली दोन शेर. आमच्याकडे एवढी खसखस झोप न येणाऱ्यालासुद्धा कुणी देत नाही, पण व्हिएन्नाची माणसं ती पिठात मळून खातात म्हणे. घरी येऊन पाहुण्यांच्या गाद्या गॅलरीत टाकायला लावल्या.

"काकू, कोण येणारंय?" रिकाने विचारलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"कुणी नाही."

"मग गाद्या?"

"गाद्यांना ऊन नको का?"

तिने माझ्याकडे बघितलं, ओट्यावरच्या खसखशीकडे बघितलं, आणि आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा हसली. मग बाही सरसावून गॅलरीत गेली आणि गाद्या अशा काही झोडपल्या की अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या.

पुढचं सगळं गावाने केलं. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. मासा मागितला, गाद्या वाळवल्या. अल्व्हारेंगांकडे व्हिएन्नाचे पेढीवाले येताहेत, हे कॉफीहाऊसमध्ये ठरलं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, जेवायला येताहेत म्हणजे शनिवारी हातात लेखणी धरणार नाहीत, म्हणजे सह्या रविवारी, हेही तिथेच ठरलं. व्हिएन्नावाले एवढ्या लांबून येताहेत ते थोड्याथोडक्यासाठी नाही, म्हणजे रविवारनंतर आगगाडीचा शेअर औषधालाही मिळणार नाही, म्हणून जे काय घ्यायचं ते शुक्रवारी बाराच्या आत. एवढी बारीक अक्कल फक्त आमच्या गावात सापडते.

शुक्रवारी सकाळी खाली पेढीसमोर ही गर्दी! मी वरून ऐकत होते आणि कार्प साफ करत होते. मेल्याला वास येत होता, पण मला त्या दिवशी तो अत्तरासारखा वाटला. एक मोठा होता, दुसरा त्याहून मोठा.

अकरा वाजून गेल्यावर खालचा आवाज बदलला. आधी घाईचा होता, आता चिडका. रिका धावत वर आली.

"काकू! बाबांनी विक्री थांबवली!"

"थांबवली? का?"

"म्हणतात, उरलेले शेअर व्हिएन्नाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवायचे. त्यांना जास्त भावाने देणार म्हणे!"

माझ्या हातातला मासा सुटून जमिनीवर पडला. ज्या माणसाच्या घरी पाहुणे येणार होते, त्याला ती बातमी कॉफीहाऊसमध्ये मिळाली होती! घरी येऊन एका शब्दाने विचारलं असतं तर? पण घरात कोण येतंय हे घरच्या बायकांना विचारावं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बारा वाजले की उरलेले शेअर त्यांच्याच गळ्यात, मग पार्दो पुन्हा दारात, आणि यावेळी भाऊजी अट न ऐकताच कबूल होणार. रिकाचा चेहरा पांढरा पडला होता.

मी तशीच जिना उतरले. हाताला खवले, एप्रनला रक्त. आमच्या पेढीत बायकांनी पाऊल टाकायचं नसतं. मी दारात दिसताच लोक बाजूला सरले. भाऊजी टेबलामागे नवं जाकीट घालून बसले होते, लग्नाच्या नवऱ्यासारखे.

"बोना! इथे?"

"पाहुण्यांबद्दल बोलायचं होतं." मी त्यांच्या कानाशी वाकले.

"हां, हां. कधी पोचताहेत?"

"सकाळीच पोचले. पिसाहून. टोपलीतून."

"टोपलीतून?"

"दोघे आहेत. त्यांतल्या एकाचं डोकं मी आत्ताच कापून आले."

त्यांनी माझ्या हातांवरचे खवले बघितले. मग वास त्यांच्या नाकापर्यंत पोचला असावा. तोंडचं पाणी कसं पळतं ते मी तेव्हा अगदी जवळून बघितलं. पण एक कबूल करते, माणूस धंद्यात मुरलेला आहे. तीन श्वास घेतले आणि उठून उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी शपथेवर सांगतो, व्हिएन्नाच्या कुठल्याही पेढीशी माझं एका शब्दाचंही बोलणं झालेलं नाही. माझ्या घरी कुणी येणार नाही."

आयुष्यात त्या खोलीत एवढं निव्वळ खरं कधी कुणी बोललं नसेल. आणि ते ऐकून तर लोक वेडेच झाले. एवढा नाकारतोय म्हणजे नक्की येताहेत!

"मोइझे, आपण शेजारी!" "माझ्या वडिलांनी तुझ्या वडिलांना त्या साथीच्या वर्षी..." "अरे, आम्हाला उपाशी ठेवून परक्यांना वाढणार का?"

"काय करू," भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले. "तुमचा शब्द मोडवत नाही. घ्या. पण बाहेर बोलू नका."

शेवटची मोठी थप्पी इसाक पार्दोंनी घेतली. दोघांना कोपराने बाजूला सारून, धापा टाकत. अट-बिट काही घातली नाही. अट घालायला त्यांना वेळ कुठे होता? त्यांनी सही केली आणि तेवढ्यात कॅथेड्रलच्या घंटा बाराचे ठोके द्यायला लागल्या.

संध्याकाळी मेणबत्त्या लावल्या, वाइनवरची प्रार्थना झाली आणि आम्ही तिघं दोन कार्पांसमोर बसलो. एवढ्यात दारावर थाप. पार्दो. सिनेगॉगमधून सरळ इकडेच आले होते, शुभेच्छा द्यायला म्हणे. त्यांची नजर आमच्या डोक्यांवरून आतल्या खोलीत गेली, तिथून रिकाम्या खुर्च्यांवर, तिथून गॅलरीच्या दाराकडे.

"पाहुणे अजून..."

"आलात ना," मी म्हटलं. "बसा. तुमच्याचसाठी केलंय."

ते बसले. मी त्यांना मोठ्यातला मोठा तुकडा वाढला. पॅरिसचे दात आणि कार्पचे काटे, दोघांचं काही जमेना. त्यांना खूप काही विचारायचं होतं, पण शब्बाथ लागलेला, शेअरच्या भावाचं नाव काढायची सोय नाही. मी अधूनमधून "अजून घ्या, संकोच करू नका" म्हणत होते आणि मला, खोटं कशाला सांगू, स्वर्ग दोन बोटं उरला होता.

शेवटी पार्दोंनी तोंड पुसून रिकाकडे पाहिलं. "मोइझे, आपलं ते दुसरं बोलणं..."

"शेअर संपले, इसाक," भाऊजी म्हणाले. "ते बोलणंही संपलं."

मी मोठा श्वास सोडला. जिंकलो, असं मला वाटलं. भाऊजींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी वाइन ओतून घेतली आणि रिकाकडे बघून हसले. जणू तिच्यासाठी त्यांनीच केवढं तरी मोठं काम केलं होतं, असं ते हसू होतं.

रिकाने काटा-चमचा खाली ठेवला.

"बाबा, शेअर खपले नसते तर?"

"खपले ना, बाळ."

"नसते तर? दिलं असतंत मला?"

भाऊजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पार्दोंकडे. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात, मोठ्या माणसाने लहानाला दटावावं तसे म्हणाले, "रिका, आज शब्बाथ आहे. आज व्यवहाराचं बोलायचं नसतं."

आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांचं त्यांना ऐकू आलं. पेला हातात तसाच राहिला. पार्दोंनीसुद्धा मान खाली घातली.

रिका रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, की बोलू. मी खाली पेढीवर येईन, आणि तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसेन."

गेले दोन दिवस मी स्वतःवर भलतीच खूश होते. पार्दोंपासून पोरीला सोडवलं होतं मी, एका घाणेरड्या माशाच्या जोरावर, अख्ख्या गावाच्या हातावर तुरी देऊन. तिच्या बापापासून तिला कसं सोडवायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते तिचं तिनेच ठरवलं होतं. भाऊजींनी पेला खाली ठेवला आणि ते ताटातले माशाचे काटे एकेक करून कडेला काढत राहिले.