सकाळची गोळी

पावणेआठला ऊन आमच्या खोलीत येते. समोरच्या चाळीच्या पाण्याच्या टाकीमागून ते आधी खिडकीच्या गजांवर उतरते, मग रेंगाळत भिंतीवरल्या कॅलेंडरपाशी पोहोचते. बोईसरच्या धुराने त्याला पातळ ताकासारखा रंग आलेला असतो. आई डब्यांची भाजी फोडणीला टाकते, तिची वाफ त्यातून सावकाश वर जाते. हे सारे मला इतके बारकाईने ठाऊक आहे, कारण गेले तीन आठवडे त्या वेळी मी खिडकीकडे पाहत उभा असतो.

त्याच वेळी माझ्या पाठीमागे, खाटेवर, विक्रमदादा गोळी घेतो.

पालघरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून त्याला घरी सोडताना तिथल्या ताईंनी आम्हाला समोर बसवले होते. या गोळीमुळे गर्दची नशा चढत नाही. मात्र ती घरच्याच माणसाने द्यावी, गिळल्यावर तोंड उघडायला लावून पाहावे, मग दहा मिनिटे शेजारी बोलत बसावे. गोळी सुटली आणि तो पूर्वीइतकाच गर्द ओढायला गेला, तर आता त्याच्या शरीराला ते झेपणार नाही, असेही त्या शांतपणे म्हणाल्या.

रात्रपाळीहून त्या सुमारास मी परततो, म्हणून काम माझ्याकडे आले. कारखान्यातही माझे काम तेच. व्हॉल्व्ह बंद केल्याचे एकाने सांगितले, तरी दुसऱ्याने स्वतः पाहायचे. तो दुसरा मी. हाताने चाचपल्याशिवाय मी कधी 'हो' म्हणालेलो नाही. पण ही नोकरी मला दादानेच लावून दिली होती. त्याला 'आ कर' म्हणायला जीभ रेटेना. पहिल्याच दिवशी तो हसला, "काय इन्स्पेक्टरसाहेब, जिभेखाली पण बघणार का?"

मी ओशाळून खिडकीकडे वळलो. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मी आईला सांगितले, घेतली. पुढे रोज तसेच सांगत राहिलो.

आज दादा दुपारपाळीला पुन्हा कामावर रुजू होणार होता. मी घरी आलो तेव्हा तो जिन्यात भेटला. दूध आणतो, मग गोळी घेतो, म्हणाला. त्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या. मी मान हलवली.

नऊ वाजले. फोन लावला तर तो उशीखाली वाजला. उन्हाचा पट्टा कॅलेंडरवरून उतरून जमिनीवर आला होता. आईने काहीतरी करायचे म्हणून खाटेखालून त्याचे सेफ्टी शूज ओढले आणि पुसण्यासाठी उलटे करून झटकले.

गोळ्या उन्हात घरंगळल्या. कडा विरघळलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या.

खाली रिक्षा थांबली. कोणीतरी धावत जिना चढू लागले. आईने हातातला बूट खाली ठेवला नाही.

"मनीष, तू बघत होतास ना?"

तीन आठवड्यांत दादाला गोळी गिळताना मी एकदाही पाहिले नव्हते.