चाटूनपुसून रिकाम्या गव्हाणी

गव्हाणीत एक काडी उरली नव्हती आणि ते बघायला अख्खी आळी गोठ्यात लोटली होती. गावात आलेल्या अंगारेवाल्या बाबांनी पडदा लावून कडबा बारीक कापायच्या कुट्टीच्या यंत्रात अंगारा टाकला काय, आणि गाईंनी गव्हाणी चाटूनपुसून साफ केल्या काय! दूधही वाढलं.

“गाईच्या पोटात देव असतो,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “त्याला जाड काडी टोचते. मी काडीचं पाणी केलं!”

पाणी झालं होतं ते लोकांच्या अकलेचं. गोठ्याची मालकीण, सगळ्यांची मावशी, हात जोडून उभी होती. तिच्या सुनेने तेवढं विचारलं, “मग पडदा कशाला हवा?” बाबांनी एक डोळा उघडून तिला नीट बघून घेतलं.

तीन आठवड्यांत दुधावरची साय गेली. गाईंचं रवंथ थांबलं, शेण पातळ झालं. एक गाय बसली ती उठलीच नाही.

“घरात शंका घेणारं माणूस असलं की अंगारा उलटतो,” बाबा म्हणाले. मावशीने सुनेला त्याच दिवशी माहेरी धाडलं. मावशीचा मुलगाच बायकोला एसटीत बसवून आला. आईपुढे तो जन्मात कधी बोलला नव्हता.

तरीही दुसरी गाय मेली. तिसरी कण्हायला लागली, तेव्हा कुठे मावशीने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी गाईचं पोट तपासलं आणि धान्याची चाळण मागितली. कुट्टी चाळली, तर जवळजवळ सगळी खाली पडली. मग यंत्राचं झाकण उघडलं.

“पाती इतकी जवळ कुणी आणली?”

पडद्याआड अंगाऱ्याबरोबर पानाही फिरला होता.

“मावशी, थोडी काडी तरी बोटाच्या पेराएवढी हवी. ती चावताना लाळ सुटते, लाळेने पोटातलं आम्ल मरतं. भुगा गाय भराभर गिळते, म्हणून गव्हाण साफ. चार दिवस दूधही वाढतं. मग पोट आतून जळतं.”

“म्हणजे माझ्या सुनेचा काही दोष नव्हता?” मावशीने विचारलं.

“गाईला मी बघते. सुनेकडे तुम्हालाच जावं लागेल.”

मावशी सुनेच्या माहेरी गेली. दारातच सगळं सांगून रडली. सुनेने ऐकून घेतलं.

“आई, रवंथ थांबलेलं तुम्हाला रोज दिसत होतं ना?”

“दिसत होतं गं.”

“मग?”

सुनेने दार लावलं नाही, पण परत येते असंही म्हणाली नाही.

घरात कुणी प्रश्न विचारला, तर लोकहो, त्याचं उत्तर शोधा. विचारणाऱ्याला हाकलून गाय जगत नाही.